चार कोंबड्यांची खुशाली

३ डिसेंबर

प्रिय सूनबाई,

मायना काय लिहावा हे न सुचल्यामुळे दोन कागद फाडले. तिसऱ्यावर जुनीच हाक घातली आहे. आवडली नाही तर तेवढी गाळून पुढचं वाच, कारण पुढचं महत्त्वाचं आहे आणि ते कोंबड्यांबद्दल आहे.

मी बरी आहे. गुडघे थंडीत कुरकुर करतात, पण ते आता घरच्यासारखेच झालेत. त्यांचं ऐकून घ्यायचं आणि आपलं काम करत राहायचं. सकाळी अंगणातल्या पाण्याच्या भांड्यावर बर्फाची साय धरते. गेल्या वर्षी निवृत्त होताना दुकानाने मला चिनी मातीचा खल भेट दिला, त्याच्या बत्त्याने मी ती फोडते. बेचाळीस वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी राहिले त्याचं हे चीज. आमचा पोरगा बदलीच्या गावी आहे, ठीक आहे. महिन्यातून दोनदा फोन करतो. त्याच्याबद्दल एवढंच.

आता मूळ मुद्दा. हवालदार शिंकते.

कोंबडी शिंकते हे मला या वयापर्यंत माहीत नव्हतं. आवाज मांजरासारखा, पण शिंकून झाल्यावर ती मान अशी झटकते, की जणू शिंक मीच दिली आणि तिला ती आवडली नाही. पहिले दोन दिवस मी हसले. तिसऱ्या दिवशी गोगलगायीच्या डाव्या डोळ्यात फेस दिसला, तेव्हा हसू पळालं. शेजारच्या सुतारभाऊंना दाखवलं. ते म्हणाले, "वहिनी, अजून उशीर झालेला नाही. मोठं पातेलं आहे ना घरात?" त्यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुंपणावरून लाकडाच्या भुशाची गोणी दिली, म्हणून बोलले.

दोन वर्षांपूर्वी तू या कोंबड्या 'थोड्या दिवसांसाठी' माझ्याकडे ठेवल्यास. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत त्या नेणार कशा, हे मलाही कळत होतं. त्या वेळी मी घाण, वास आणि शेजारपाजार यांवर काय काय बोलले ते दोघींनाही आठवतंय, म्हणून पुन्हा लिहीत नाही. फक्त एवढं सांगते, की माझ्याकडून काळजीत कसर नाही. थंडी पडायला लागली तशी खुराड्याची एकूण एक फट मी बुजवली. वर्तमानपत्रं, जुने स्वेटर, बाहेरून प्लास्टिक. आत वाऱ्याची झुळूक शिरणार नाही. तरी शिंका चालूच.

तर मला एवढं कळव. कोंबडीला औषध वजनावर देतात का? माणसांची मात्रा मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते, यांची येत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हवालदारला बसवून बघितलं. दोन किलो शंभर ग्रॅम भरली, आणि उतरल्यावर काट्यावर जे सोडून गेली ते वीस.

हवालदार, गोगलगाय, मिरची आणि मावशी तुझी आठवण काढतात. म्हणजे काढत असाव्यात, आवाज तर तसाच करतात.

कळावे,
मी


२१ डिसेंबर

प्रिय सूनबाई,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळींत सहा प्रश्न. दुकानात तुझ्यासारखं गिऱ्हाईक आलं असतं तर मी बाजूला बसवलं असतं. पण पहिल्या ओळीत तू 'ताबडतोब जनावरांच्या डॉक्टरकडे न्या' असं ठणकावलंस, ते मी त्याच दिवशी केलं. त्याची हकिकत ऐक.

हवालदारला न्यायला खोकं हवं होतं. घरात दुकानातून आणलेली चार-पाच पडली होती, त्यातलं बेताचं घेतलं, भोकं पाडली, तिला आत बसवलं. दवाखान्यात पोहोचल्यावर लक्षात आलं की खोक्यावर ठळक अक्षरांत 'खोकल्याचं औषध' असं छापलंय, आणि आतून कुणीतरी खोकतंय. बाकावर एक गृहस्थ केसाळ कुत्रा घेऊन बसले होते. त्यांनी खोकं वाचलं, आवाज ऐकला आणि मला म्हणाले, "गुण येत नाही वाटतं." सगळे हसले. कुत्रा तेवढा घाबरला.

डॉक्टरीण तरुण आहे, बारीक आवाजाची. हवालदारची चोच उघडून बघितली, छातीला कान लावला, डोळे पुसले. मग मला विचारलं, "खुराड्यात हवा कुठून येते-जाते?"

"कुठूनच नाही," मी सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, अभिमानाने सांगितलं. "सगळ्या फटी बंद केल्यात."

ती म्हणाली, "आजी, असं करा. घरी गेलात की खुराड्यात डोकं घाला आणि पाच मिनिटं श्वास घ्या. मग मला फोन करा."

मी दोन मिनिटंही टिकले नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाक चुरचुरायला लागलं, आणि भिंतीला हात लावला तर ती ओली. बाहेर येऊन फोन केला. ती म्हणाली, "कोंबड्यांना पिसं असतात, थंडी त्या काढतात. कोंदट जागेत मात्र आजारी पडतात." औषधाच्या बाटलीवर 'कोरड्या, हवेशीर जागी ठेवा' हे वाक्य मी आयुष्यात किती हजार वेळा गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं असेल.

सुतारभाऊंनी त्याच दुपारी करवत आणली. छपराखाली दोन्ही बाजूंना हातभर लांबीच्या खिडक्या कापल्या, जाळी ठोकली. वारा वरून जातो, कोंबड्यांच्या अंगावर येत नाही. स्वेटर उपसले. त्यातला एक त्यांना स्वतःचा वाटला. तो त्यांचाच होता, पाच वर्षांपूर्वी दोरीवरून उडून आमच्याकडे आलेला. मी धुऊन परत केला. बिचाऱ्यांनी वाससुद्धा न घेता घातला.

औषध सात दिवस पाण्यातून द्यायचं. अंडी खायची नाहीत. हवालदार आणि गोगलगायीला वेगळं ठेवायला सांगितलं, म्हणून त्यांना वरच्या खोलीत ठेवलंय, तुमच्या. रिकामीच असते ती. खाली कागद आणि भुसा पसरला आहे. हवालदार खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांवर नजर ठेवते आणि पोस्टमन आला की ओरडते. गोगलगायीने तुझ्या पुस्तकांच्या फळीचा दुसरा कप्पा निवडला. पुस्तकं मी आधीच झाकून ठेवली होती, काळजी करू नकोस. दिवसातून तीनदा जिना चढते. गुडघ्यांनी तक्रार केली, पण आजारी माणूस घरात असला की जिन्याला वेगळे पाय फुटतात. शिवाय खरं सांगू, वर आवाज असला की बरं वाटतं.

तर तुझ्या प्रश्नांची उत्तरं. वजन कळवलंच आहे. वास आता नाही. तुरे लाल आहेत, मावशीचा जरा फिका, पण तिचं वयही झालंय. भुसा रोज बदलते. मिरची अजून अंडी देते, ती या सगळ्यांत ठणठणीत.

सहाव्या प्रश्नाचं पुढच्या वेळी लिहीन. कागद संपत आला.

तुझ्या कामाच्या ठिकाणी थंडी फार असते का? पाय गरम ठेव.

कळावे,
मी


१९ जानेवारी

प्रिय सूनबाई,

आधी खुशाली. मिरचीने काल पुन्हा अंडं घातलं, कुणाच्याही मदतीशिवाय, आणि अर्धा तास ओरडून गल्लीला सांगितलं. हवालदार पूर्ण बरी आहे आणि तिला वरच्या खोलीतून खाली जायचं नाही. काल उचलून नेली तर जिन्याच्या प्रत्येक पायरीवर निषेध. गोगलगायीचा आजारी डोळा थोडा बारीक राहिला, त्यामुळे ती सतत डोळा मारते आहे असं वाटतं. सुतारभाऊ म्हणतात, या वयात एवढं तरी कुणी करतं.

खुशाली झाली. आता पत्र.

त्या शनिवारी, तू आलीस त्या दिवशी, सकाळी मिरची मला खुराड्याच्या कोपऱ्यात सापडली. बाटलीसारखी उभी, शेपूट खाली, डोळे अर्धे मिटलेले. डॉक्टरीण गावाला गेलेली. मी तुझ्या कवळ्यांच्या प्रयोगशाळेत फोन लावला. नंबर दोन वर्षं वहीच्या पहिल्या पानावर होता, कधी फिरवला नव्हता. कुणीतरी तुला हाक मारली, मागे यंत्राची घरघर बंद झाली, आणि तू आलीस. मी नाव न सांगता सगळी लक्षणं सांगून टाकली. तू म्हणालीस, "अंडं अडकलंय. कोमट पाणी तयार ठेवा. अकराची बस आहे." आणि फोन ठेवलास. मी मोठं पातेलं काढलं. मग पाणी तापत ठेवलं.

तुला सगळं माहीत आहे, तू तिथेच होतीस. तरी मला लिहू दे. त्या दिवशी तू तुझ्या हातांकडे बघत होतीस, मी तुझ्याकडे बघत होते, त्यामुळे माझ्याकडचं तुला माहीत नसणार.

तू कोट न काढता बाह्या वर सारल्यास. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासून गुळगुळीत करणारे तुझे हात पाण्यात गेले आणि मिरची तुझ्या तळव्यावर बसली. सुरुवातीला धडपडली, मग पाचेक मिनिटांत तुझ्या मनगटावर मान टाकून चक्क झोपली. तू पोटाखालून हळूहळू बोटं फिरवत होतीस. मी कपाने कोमट पाणी घालत होते.

"अजून गरम?" मी विचारलं.

"नको, एवढं बास."

"मीठ आहे माझ्याकडे, जुलाबाचं. अंग सैल पडायला टाकतात ना पाण्यात."

"एक चमचा. सपाट."

"सपाट म्हणजे सपाटच," मी म्हटलं, "माझ्या हातून शिगोशीग चमचा कधी गेला नाही." तेव्हा तू पहिल्यांदा हसलीस. वर न बघता, पण हसलीस.

मग तिला टॉवेलात गुंडाळून अंधाऱ्या कपाटात ठेवलं आणि आपण चहा घेऊन बसलो. कोंबड्यांवर बोललो. भुशावर बोललो. खिडक्यांची जाळी किती बारीक हवी यावर तर दहा मिनिटं बोललो. मी पाव चावत होते आणि तू एकदम कप खाली ठेवलास. "डावीकडे टोचतेय ना? काढा." मी म्हटलं, काही नाही, सवय झाली. "काढा म्हणते ना." पिशवीतून लहान कानस काढलीस, नळाखाली कवळी धुतलीस, खिडकीच्या उजेडात धरून तीन-चार वेळा घासलीस. सहा महिने मी उजव्या बाजूने जेवत होते. दुसऱ्या कुणाकडे न्यायची इच्छा झाली नाही. तू केलेली होती. तेवढ्यात कपाटातून मिरचीचा आवाज आला. टॉवेलात अंडं होतं, मऊ कवचाचं, वेडंवाकडं, आणि तू ते दोन्ही हातांत धरून मला दाखवलंस. आपण दोघी, एक बिनदातांची आणि एक भिजलेली, एका वाकड्या अंड्याकडे बघत उभ्या होतो.

त्यानंतर तू खुराड्यापाशी गेलीस. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तू खालच्या आणि वरच्या खोलीतल्या मिळून बोटांवर चारच कोंबड्या मोजल्यास. खुराड्यामागे बघितलंस, लाकडांच्या ढिगामागे बघितलंस. मग पुन्हा एकदा मोजल्यास. आत आलीस तेव्हा म्हणालीस, "भुसा छान कोरडा आहे." तुझ्या कार्डावरचा सहावा प्रश्न होता, 'महाराणी कशी आहे?' तो तू पुन्हा विचारला नाहीस. मला सांगावं लागू नये म्हणून. एवढं मोठं मन माझ्याच्याने बघवलं नाही, म्हणून मी भांडी घासायला लागले.

महाराणी पहिल्याच हिवाळ्यात गेली. तू गेल्यावर तीन महिन्यांनी.

ती कशी गेली ते लिहिते. दोन दिवस कोपऱ्यात पिसं फुगवून बसली होती. खात नव्हती. मला कळलं नाही असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले, पण ते खरं नाही. दुकानात शिरणाऱ्या माणसाच्या चालीवरून त्याला ताप आहे की पोटदुखी हे मी सांगत असे, मला एक कोंबडी कळली नसती का? मला दिसत होतं. पण मला तुझा राग होता आणि ती तुझी लाडकी होती. म्हटलं, जिची आहे तिने बघावं. तिसऱ्या सकाळी ती थंडगार होती. सुतारभाऊंनी मागच्या भिंतीपाशी खड्डा खणून दिला आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही. त्या दिवसापासून मी उरलेल्या चौघींचं करते आहे. आधी लाजेने, आणि मग कधीतरी त्या आवडायला लागल्या म्हणून.

हे एवढंच असतं तर फोनवरही सांगितलं असतं.

तू गेलीस त्याच्या आधीच्या महिन्यात एकदा भांडी पुसताना तू मला विचारलं होतंस, "आई, हा हल्ली असा का वागतो? का मलाच भास होतात?" मी म्हटलं, "हवा बदलली की माणसं जरा गप्प होतात." सूनबाई, मला तेव्हा दोन महिन्यांपासून माहीत होतं. दुकानासमोरच्या बसथांब्यावर मी त्याला त्या दुसऱ्या बाईबरोबर दोनदा बघितलं होतं. दुसऱ्यांदा त्यानेही मला बघितलं. त्या संध्याकाळी तो जेवायला बसला, मी काही बोलले नाही, तोही नाही. मी त्याला सूप जास्त वाढलं. पोटचा पोर. मला वाटलं, न बोललेली गोष्ट आपोआप विरून जाते. ती विरली नाही, आणि तेवढे दिवस तू या घरात स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेत फिरत होतीस. तो तुला म्हणायचा, हे तुझ्या मनाचे खेळ आहेत. मी शेजारच्या खोलीत ते ऐकायची आणि कपड्यांच्या घड्या घालायची.

ज्या दिवशी तू निघालीस त्या दिवशी पिशव्या दारात ठेवून तू परत आत आली होतीस. मला विचारलंस, "आई, माझं काही चुकलं का?"

आणि मी म्हटलं, "या कोंबड्यांचं काय करणार आहेस?"

तू मान हलवलीस. "थोड्या दिवसांत नेते," म्हणालीस. गेली दोन वर्षं मी उठल्यापासून झोपेपर्यंत अनेक कामं करते आणि त्यातल्या कुठल्याही कामात मध्येच हा प्रश्न येऊन उभा राहतो. उत्तर सोपं होतं. एका शब्दाचं होतं.

नाही. तुझं काही चुकलं नाही. तुझे डोळे ठीक होते, तुझं मन ठीक होतं. जे तुला दिसत होतं ते होतं, आणि मलाही दिसत होतं.

रविवारी मी त्याला फोन केला. म्हटलं, मी तिला सगळं लिहिणार आहे, तुला कळावं म्हणून सांगते, विचारत नाही. तो म्हणाला, "लिही, आई." त्याच्या बाजूने माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे, त्याहून जास्त काही सांगणार नाही आणि तुझ्याकडे काही मागणारही नाही. हे पत्र त्याच्यासाठी नाही.

तू रागावशील. रागाव. दोन वर्षं उशिरा मिळालेल्या औषधावर मीही गिऱ्हाईक म्हणून रागावले असते. महाराणीसाठी रडशील, त्याला माझा इलाज नाही. पण हे वाचून झाल्यावर तुला निदान आपल्याला भास होत होते असं वाटू नये.

आणखी एक. दोन वर्षांपूर्वी फाटक ओलांडताना तू म्हणाली होतीस, "जाते मी." आपण घरातून निघताना असं कधी म्हणत नाही, आणि तू तर शब्द जपून वापरणारी. म्हणून ते मला लागलं होतं, आणि लागायलाच हवं होतं. त्या शनिवारी बसची वेळ झाली, तू कोट झटकलास, फाटकाची कडी काढलीस आणि म्हणालीस, "येते मी."

सवयीने तोंडातून गेलं असेल. मला ते माहीत आहे. तरी मी ते जसंच्या तसं ठेवून घेतलं आहे. कधी, ते तू ठरव. फाटकाला कडी असते, कुलूप नसतं.

वाट बघणारी,
आई